आश्रमशाळेच्या मैदानात गणितही उतरू द्या

आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांमधल्या क्रीडा स्पर्धा नंदुरबार जिल्ह्याला नव्या नाहीत. आधी शाळेत निवड होते, मग प्रकल्प, मग विभाग, मग राज्य. तळोदा आणि नंदुरबार या दोन्ही प्रकल्पांतली मुले-मुली कबड्डी, खो-खो, धावणे, उड्या यांसाठी गाड्या भरून मैदानावर येतात. कुणाच्या पायात बूट असतात, कुणाच्या नसतात. पण शर्यत लागली की धडगावच्या डोंगरातले पोर शहराजवळच्या शाळेतल्या पोराला मागे टाकते आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांना दिसते. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10 हजार मीटर धावण्याचे कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले, तेव्हा पाड्यावरच्या मुलींच्या पायांत काय ताकद आहे याबद्दल कुणाला शंका उरली नाही.

गणितासाठी अशी पायरीपायरीने चढत जाणारी वाट कुठे दिसत नाही. मूल किती वेगाने पळते हे पाहायला मैदान आहे, ते विचार कसा करते हे पाहायला नाही. नंदुरबार जिल्ह्यात शाळेपासून जिल्ह्यापर्यंत जाणारी, मराठीतली, विनाशुल्क आणि दरवर्षी न चुकता होणारी गणित स्पर्धा हवी, आणि तिची सुरुवात आश्रमशाळा व जिल्हा परिषदेच्या शाळांपासून व्हायला हवी.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास, त्यात सुमारे 69 टक्के आदिवासी. त्याच जनगणनेत राज्याची साक्षरता 82 टक्क्यांवर गेली होती आणि नंदुरबार 64 टक्क्यांवर, म्हणजे राज्यात सर्वांत खाली. 2018 मध्ये केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, वाशिम, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) यांच्यासोबत नंदुरबारचे नाव त्यात आले. जिथे पाचवीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी जमवताना घाम फुटतो, तिथे स्पर्धा कसल्या घेता, आधी पाढे तरी पाठ करून घ्या, असे शिक्षकच म्हणतात. त्यांचे म्हणणे अनुभवातून आलेले आहे.

पण पाढे आणि कोडी यांची अशी रांग लावता येत नाही. आधी सगळे पाढे, मग सगळ्या क्रिया, मग कधीतरी विचार, असा क्रम धरला तर विचाराची पाळी येण्याआधीच मूल शाळा सोडते. उलट एखादे कोडे सोडवायची ओढ लागली की वजाबाकीचा सराव आपोआप होतो. याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे आणि नंदुरबारहून फार लांबचेही नाही.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर 1930 ते 1962 अशी तीन दशके देवळालीत शाळामास्तर होते. 1905 साली डहाणूत जन्मलेल्या कापरेकरांकडे गणितातली मोठी पदवी नव्हती. चार अंकी संख्यांशी खेळता खेळता त्यांना एक गोष्ट सापडली. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून सर्वांत मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लावून सर्वांत लहान करा आणि वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचे पुन्हा तेच. नंदुरबार जिल्हा झाला ते साल घेऊन पाहू: 1998. मोठी संख्या 9981, लहान 1899, वजाबाकी 8082. आता 8820 वजा 0288, उत्तर 8532. पुढे 8532 वजा 2358, उत्तर 6174. इथून पुढे कितीही वेळा करा, 6174 च येत राहते. सुरुवातीची संख्या कोणतीही असो, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 गाठले जाते. हीच ती जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाणारी संख्या. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभरातल्या गणितप्रेमींपर्यंत पोचले.

हा खेळ सहावीच्या वर्गात मांडून पाहावा. प्रत्येकाने आपली संख्या निवडायची आणि सर्वांत जास्त पायऱ्या कुणाच्या संख्येला लागतात ते शोधायचे. अर्ध्या तासात वर्गात हातच्याच्या शंभराहून जास्त वजाबाक्या होतात, आणि सात पायऱ्यांत 6174 आले नाही, तर कुठेतरी चूक झाली हे मुलालाच कळते, म्हणून ते स्वतःच मागे जाऊन चूक शोधते. गुरुजींना लाल पेन काढावे लागत नाही.

कापरेकरांच्या आयुष्यात स्पर्धेचाही वाटा होता. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना 1927 मध्ये त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या नव्या कामासाठी ते दिले जाई. पाठ केलेले किती आठवते हे तिथे मोजले जात नव्हते, तुला स्वतःला काय सुचले, एवढेच विचारले जात होते. स्पर्धेत नेमके काय मोजायचे, हा पुढचा सगळा वाद याच एका मुद्द्याभोवती फिरतो.

ज्यांच्या नावाचे ते पारितोषिक, ते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डीचे. 1899 मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिले येऊन ते सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय, आणि आजही महाराष्ट्रात त्यांचे नाव रँग्लर लावल्याशिवाय घेतले जात नाही. पण त्या परीक्षेची दुसरी बाजूही सांगायला हवी. पहिला, दुसरा, तिसरा अशी गुणानुक्रमे यादी वाचून दाखवायची तिथे पद्धत होती आणि त्यापायी खासगी शिकवण्यांचे मोठे पीक आले होते. प्रश्नांचे साचे घोटून घेतले जात. परांजप्यांच्या आदल्याच वर्षी, 1898 मध्ये त्याच परीक्षेत चौथे आलेले जी. एच. हार्डी पुढे या पद्धतीचे कडवे विरोधक झाले. गणिताच्या जिवंत अभ्यासाला ही शर्यत मारक आहे, असे त्यांचे ठाम मत होते. 1909 नंतर ती क्रमवार यादी बंद झाली. पुढे श्रीनिवास रामानुजन यांचे पत्र वाचून त्यांची प्रतिभा ओळखणारे हार्डी ते हेच.

नंदुरबारमध्ये स्पर्धा सुरू करताना हा इतिहास उशाशी ठेवायला हवा. स्पर्धा म्हटले की आपल्याकडे लगेच क्लास, गाइड, फोटोसह अभिनंदनाचे फलक आणि बाकीच्या मुलांच्या तोंडावर मारलेला नापासाचा शिक्का येतो. पुणे-मुंबईत पालक दुसरी-तिसरीतल्या मुलांना ‘ऑलिंपियाड’ नावाच्या निरनिराळ्या खासगी परीक्षांना बसवतात, शुल्क भरतात, पदके घरी आणतात. त्यातल्या काही परीक्षा चांगल्या असतीलही, पण आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडला भारताचा संघ तिथून निवडला जात नाही. त्याची वाट एकच आहे. राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाच्या पाठबळावर मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र हा कार्यक्रम चालवते. पहिली परीक्षा आयओक्यूएम या नावाने होते. तीन तास, 30 प्रश्न आणि प्रत्येकाचे उत्तर दोन अंकांत मावणारी पूर्ण संख्या. त्यातून प्रादेशिक, मग राष्ट्रीय ऑलिंपियाड, मग सराव शिबिर, आणि अखेर सहा जणांचा संघ. हे तालुक्यातल्या पालकांनाही माहीत असायला हवे, म्हणजे नावाला भुलून कुणी पैसे घालवणार नाही.

ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा 1959 मध्ये रुमानियात सुरू झाली, भारत तिच्यात 1989 पासून उतरतो आणि 1996 मध्ये ती मुंबईत भरली होती. 2024 मध्ये इंग्लंडमधल्या बाथ इथे भारतीय मुलांनी चार सुवर्ण आणि एक रौप्य मिळवून चौथा क्रमांक पटकावला. आकाशातल्या गोष्टी वाटतात या. म्हणून 1959 च्या त्या पहिल्या स्पर्धेतला अगदी पहिला प्रश्न इथे मांडून दाखवणे बरे.

प्रश्न असा आहे: n ही कोणतीही नैसर्गिक संख्या असली, तरी 21n + 4 हा अंश आणि 14n + 3 हा छेद असलेला अपूर्णांक आणखी संक्षिप्त होऊच शकत नाही, हे सिद्ध करा. आधी आकडे घालून पाहू. n जागी 1 घातला तर 25/17, 2 घातला तर 46/31, 3 घातला तर 67/45. कुठलाच अपूर्णांक संक्षिप्त होत नाही. पण आकडे घालत किती वेळ बसणार? मग अंशाची दुप्पट करा: 42n + 8. छेदाची तिप्पट करा: 42n + 9. दोन्हींत फरक फक्त 1 चा. अंश आणि छेद या दोघांनाही भाग जाणारी संख्या असेल, तर तिने या फरकालाही भाग गेला पाहिजे, म्हणजे 1 ला भाग गेला पाहिजे. अशी संख्या एकच, ती म्हणजे 1. काम झाले.

यात शाळेत न शिकवलेले काय आहे? मसावि सहावी-सातवीत येतो, अक्षरे घेऊन बेरीज-वजाबाकी आठवीपर्यंत होते. मोलगीच्या आश्रमशाळेतल्या नववीच्या मुलीकडे हा प्रश्न सोडवायला लागणारे सगळे सामान आहे. नसते ते एवढेच, की असा प्रश्न तिला कुणी विचारलेला नसतो, आणि तो सुटेपर्यंत दोन दिवस डोक्यात घोळवत ठेवायची मुभा दिलेली नसते. वर्गात प्रश्न येतो, गुरुजी फळ्यावर सोडवतात, मुले उतरवून घेतात, तास संपतो. चांगल्या स्पर्धेचा खरा फायदा इथे आहे. उत्तर न येता बसून राहायची, वाट चुकली की परत फिरायची आणि शेवटी आपले म्हणणे दुसऱ्याला पटेल असे लिहून दाखवायची सवय तिथे लागते. पुढे ती मुलगी परिचारिका होवो, तलाठी होवो, कापसाचा हिशेब ठेवणारी शेतकरी होवो की अभियंता, ही सवय तिच्या कामी येते.

प्रश्न परक्या मुलखातूनच आणावे लागतात असेही नाही. आश्रमशाळेच्या हजेरीपटावर जन्मतारखांचा रकाना पाहिला तर 1 जून ही तारीख पुन्हा पुन्हा दिसते. जन्माची नोंद नसल्याने दाखल करताना गुरुजींनी सोयीने घातलेली ती तारीख. त्यावरून विचारता येईल: या शाळेत सगळ्यांच्या जन्मतारखा खऱ्या असत्या, तर किमान किती मुले असताना दोघांचा वाढदिवस नक्की एकाच दिवशी आला असता? उत्तर 367, आणि त्यामागचे कारण समजले की जगभरच्या ऑलिंपियाडमध्ये वापरली जाणारी एक मोठी युक्ती हाती लागते. धडगावच्या आठवडे बाजारावर बेतलेला दुसरा प्रश्न: दोन पारड्यांच्या तराजूवर फक्त चार वजने वापरून 1 ते 40 किलोपर्यंतचे प्रत्येक पूर्ण किलोचे वजन करायचे आहे. वजने कोणती घ्याल? उत्तर 1, 3, 9 आणि 27. वजन मालाच्या पारड्यातही टाकता येते, हे ज्याला सुचले त्याला प्रश्न सुटला. पाच किलो मोहफुले तोलायची तर एका पारड्यात 9, दुसऱ्यात मोहफुलांसोबत 3 आणि 1. आईबरोबर बाजारात बसणाऱ्या मुलाला तराजू शहरातल्या मुलापेक्षा जवळचा असतो. त्याच्या जगातून प्रश्न आला की शर्यतीतली सुरुवातीची रेघ थोडी सरळ होते.

शाळांतल्या गणित स्पर्धांची आधुनिक परंपरा हंगेरीत रुजली, आणि ती रुजवण्यात एका शाळामास्तरांचा मोठा हात होता. ग्यौर या गावातले शिक्षक दानिएल अरान्य यांनी 1894 मध्ये शाळकरी मुलांसाठी गणिताचे मासिक काढले. दर महिन्याला प्रश्न छापायचे, मुलांनी टपालाने उत्तरे पाठवायची, चांगली उत्तरे मुलांच्या नावानिशी पुढच्या अंकात. त्याच वर्षी तिथल्या गणित व भौतिकी मंडळाने शाळा संपवलेल्या मुलांची स्पर्धा सुरू केली. लिपोट फेयेर आणि थिओडोर फॉन कारमान हे तिथले सुरुवातीचे विजेते, एडवर्ड टेलर नंतरचे. पुढे जगप्रसिद्ध झालेल्या जॉर्ज पोल्या यांनी त्या स्पर्धेत उत्तरपत्रिका दिलीच नव्हती. त्याच पोल्यांनी 1945 मध्ये लिहिलेले ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ हे पुस्तक आज जगभरचे गणित शिक्षक वाचतात. स्पर्धेत कोरा कागद ठेवून उठलेल्या मुलाबद्दल घाईने मत बनवू नये, हे ज्यांना पटत नाही त्यांनी पोल्यांचे उदाहरण लक्षात ठेवावे.

महाराष्ट्रातही परंपरा नाही असे मुळीच नाही. महाराष्ट्र राज्य गणित अध्यापक महामंडळाच्या गणित संबोध, प्राविण्य, प्रज्ञा या परीक्षांनी अनेक पिढ्यांना गणिताची गोडी लावली. श्रीराम अभ्यंकर यांनी 1976 मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भास्कराचार्य प्रतिष्ठानने पाचवी-सहावीच्या मुलांसाठी गणित प्रज्ञाशोध घेतला, ऑलिंपियाडची मुले घडवली. पूर्वी चौथी-सातवीला आणि 2016-17 पासून काही वर्षे पाचवी-आठवीला झालेली स्कॉलरशिप तर घराघरांत माहीत आहे. तिच्या पहिल्या पेपरात दीडशेपैकी शंभर गुण गणिताचे असतात. आणि नवोदयची प्रवेश परीक्षा. साक्री तालुक्यातल्या सामोड्याच्या भिल्ल कुटुंबातले राजेंद्र भारुड ही परीक्षा देऊन अक्कलकुव्याच्या जवाहर नवोदय विद्यालयात आले, पुढे डॉक्टर झाले, भारतीय प्रशासकीय सेवेत गेले आणि कोरोनाच्या काळात याच नंदुरबार जिल्ह्याचे जिल्हाधिकारी होते. ‘मी एक स्वप्न पाहिलं’ हे त्यांचे आत्मकथन अनेकांनी वाचले आहे. एका परीक्षेने एका मुलाची वाट कशी बदलते, ते या जिल्ह्याने डोळ्यांनी पाहिले आहे.

पण नवोदयला एका शाळेत सहावीच्या जागा असतात 80. बाकीच्यांचे काय?

इथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडायला हवी. आठवीच्या गरीब मुलांसाठी केंद्र सरकारची एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा आहे. साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातले मूल ती उत्तीर्ण होऊन निवडले गेले, तर नववी ते बारावी वर्षाला 12 हजार रुपये मिळतात. बौद्धिक क्षमता चाचणीचे 90 प्रश्न आणि शालेय विषयांचे 90, अशी तिची रचना. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतले शिक्षक तिच्यासाठी जादा तास घेतात, मुले घोकतात, झगडतात. पण नियमानुसार निवासी शाळांत राहून शासकीय भोजन-निवासाचा लाभ घेणारे विद्यार्थी या परीक्षेला पात्र नाहीत. त्यांचा खर्च सरकार आधीच करते, मग दुहेरी लाभ कशाला, हे त्यामागचे कारण हिशेबापुरते बरोबर आहे. परिणाम मात्र असा होतो, की आश्रमशाळेतल्या आठवीच्या मुलांना त्या वयातली ही मोठी चढाओढ अनुभवायलाच मिळत नाही. पैसे देऊ नका, पण परीक्षेला बसू द्या, गुणवत्ता यादीत नाव येऊ द्या, एवढी सुधारणा राज्याने केंद्राकडे मागायला हरकत नसावी. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षाही 2021 नंतर थांबली आहे. म्हणजे हुशार पण गरीब मुलाने डोके वर काढावे अशा खिडक्या वाढण्याऐवजी कमी होत आहेत, आणि ज्या उरल्या त्यांतली एक आश्रमशाळेला बंद आहे.

म्हणूनच जिल्ह्याची स्वतःची स्पर्धा. तिची आखणी इथल्या मातीला धरून व्हावी.

पहिला मुद्दा वेळेचा. दिवाळीनंतर सातपुड्यातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी आणि मजुरीसाठी गुजरातेत जातात, आणि मुलेही त्यांच्यासोबत जातात. राज्यातल्या बहुतेक परीक्षा डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात येतात, नेमक्या त्याच वेळी जिल्हा परिषदेच्या शाळांतली बाके रिकामी झालेली असतात. त्यामुळे जिल्ह्याच्या स्पर्धेच्या सगळ्या फेऱ्या दिवाळीआधी उरकायला हव्यात. पहिली फेरी पावसात येणार, घाटरस्ते आणि नाले धोक्याचे असणार, म्हणून ती मुलाच्या स्वतःच्या शाळेत व्हावी. नर्मदाकाठच्या मणिबेलीसारख्या गावातल्या मुलाला केंद्र गाठण्यासाठी बोट आणि जीप बदलत यायला लावणे म्हणजे त्याला स्पर्धेआधीच बाद करणे.

दुसरा मुद्दा भाषेचा, आणि तो सर्वांत नाजूक आहे. घरी पावरी, भिली, मावची किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलाला शाब्दिक उदाहरणात गणित अडत नाही, वाक्य अडते. प्रत्येकी, उरलेले, च्या तुलनेत, किमान असे शब्द आले की जे मूल बाजारात चोख हिशेब करते तेच वहीत चुकते. प्रश्नपत्रिका मराठीत असावी, पण स्पर्धेच्या सुरुवातीला प्रत्येक प्रश्न मुलांच्या बोलीत मोठ्याने वाचून समजावला जावा. नर्मदा खोऱ्यातल्या जीवनशाळांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून मुलांच्या बोलीतून शिकवण्याचा अनुभव गाठीशी बांधला आहे. त्यांच्या शिक्षकांना या कामात बोलवावे.

प्रश्न थोडे असावेत, वेळ भरपूर असावा. तीन प्रश्न, दोन तास. उत्तर चुकले तरी विचार बरोबर असेल तर गुण मिळावेत. पहिल्या फेरीत तिघातिघांचे गट करावेत, म्हणजे लाजरे मूलही बोलते आणि कुणी एकटे पडत नाही. गटात मुलगे पुढे आणि मुली लेखनिक, असे होऊ नये यासाठी मुलींचे स्वतंत्र गटही असावेत. मुलींसाठी वेगळी स्पर्धा ही काही सवलत नव्हे. युरोपात 2012 पासून मुलींचे स्वतंत्र गणित ऑलिंपियाड भरते आणि 2015 पासून भारताच्या मुली त्यात भाग घेत आल्या आहेत.

निकालाची क्रमवार यादी लावूच नये. हार्डींचा अनुभव इथे उपयोगी पडतो. ज्यांनी चांगली उत्तरे लिहिली त्यांची नावे आणि त्यांची उत्तरे, त्यांच्याच हस्ताक्षरात, पंचायत समितीच्या फलकावर लावावीत. बक्षीस म्हणून चषकाऐवजी पुस्तके द्यावीत. मंगला नारळीकर यांचे ‘गणितगप्पा’ हे छोटे पुस्तक प्रत्येक आश्रमशाळेच्या कपाटात असायला हवे. आणि स्पर्धेनंतर वर्षभर ग्यौरच्या मास्तरांसारखा महिन्याला एक प्रश्न शाळांना पाठवत राहावा. डोंगरात मोबाइलला रेंज मिळत नसेल, पण पोस्टमन पोचतो.

मनुष्यबळ हाताशी आहे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, नंदुरबारचे जी. टी. पाटील महाविद्यालय, शहाद्याचे पूज्य साने गुरुजी विद्या प्रसारक मंडळाचे महाविद्यालय आहे, जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. गणित विषय घेऊन पदवी करणारी तिथली मुले-मुली पेपर तपासायला, प्रश्न रचायला आणि आश्रमशाळांत महिन्यातून एक दिवस द्यायला तयार होतील. त्यांना प्रवासखर्च आणि जेवण मिळाले तरी पुष्कळ.

पैशाचा प्रश्न निघेल, तेव्हा खानदेशातलाच एक दगड दाखवता येतो. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण इथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या सिद्धांतशिरोमणीसारख्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ उभारला, त्याची ती नोंद. लेखाच्या मराठी भागात मठाच्या खर्चासाठी बाजारातल्या मालावरचे उत्पन्न आणि घाण्यावरचे तेल लावून दिल्याचे सांगितले आहे. आठशे वर्षांपूर्वी खानदेशातला बाजार गणिताच्या शिक्षणाला हातभार लावत होता. आज नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ देशात नावाजलेली आहे, शहाद्याकडे ऊस, केळी, पपई यांचा पैसा खेळतो. जिल्ह्यातल्या सहा तालुक्यांच्या स्पर्धेला लागणारा कागद, छपाई, पुस्तके आणि मुलांचे एक वेळचे जेवण हा खर्च बाजार समित्या आणि व्यापाऱ्यांना जड नाही. जिल्हा नियोजन समितीला तर तो नगण्य आहे.

जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे शिक्षण विभाग आणि नंदुरबार व तळोद्याचे प्रकल्प अधिकारी यांनी यासाठी नव्या योजनेची किंवा वरून येणाऱ्या परिपत्रकाची वाट पाहू नये. खेळांच्या स्पर्धांची यंत्रणा तयार आहे, तीच गणिताला लावावी आणि येत्या ऑगस्टमध्ये निदान धडगाव आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांत पहिली फेरी घ्यावी. आणि हे वाचणाऱ्या शिक्षकांनी तोवर थांबू नये. सोमवारी सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात एक प्रश्न लिहावा, शनिवारपर्यंत त्याचे उत्तर कुणालाही सांगू नये, आणि आठवडाभर मुले काय काय विचारतात ते लिहून ठेवावे.